काढून घेण्याचं काम

यीस्टच्या एकगुणित पेशी दोन वाणांच्या असतात, ‘ए’ आणि ‘अल्फा’. अल्फा पेशी १३ अमिनो आम्लांची एक छोटी साखळी भोवतालच्या पाण्यात सोडते. जवळपास ‘ए’ पेशी असेल तर तिच्या पृष्ठभागावरच्या स्टे-२ नावाच्या ग्राही प्रथिनाला ती साखळी जाऊन चिकटते. तेवढ्यानं ‘ए’ पेशीचं विभाजन थांबतं आणि संदेश ज्या बाजूनं आला त्या बाजूला तिला फुगवटा यायला लागतो. मीलनाची ही सुरुवात यीस्टवरच्या पुस्तकांत हमखास सापडते. त्याच वेळी पृष्ठभागावर दुसरंही काही चाललेलं असतं आणि त्याला पुस्तकात जेमतेम एखादी ओळ मिळते. संदेश झेललेली स्टे-२ प्रथिनं दहा-वीस मिनिटांत पृष्ठभागावरून बहुतांशी नाहीशी होतात. ती गळून पडत नाहीत की जागच्या जागी विरघळत नाहीत. पेशी त्यांना पटलाच्या तुकड्यासकट आत ओढून घेते, रिक्तिकेपर्यंत नेते आणि तिथे त्यांचे तुकडे करते.

हे पुस्तक या आत ओढून घेण्याबद्दल आहे. शाळेच्या विज्ञानात ‘पेशीय भक्षण’ या नावानं त्याची ओळख होते. सोबत बहुधा अन्नकण गिळणाऱ्या अमीबाचं चित्र असतं, त्यामुळे पुढे कितीही शिकलं तरी मनात खाण्याचंच चित्र राहतं. यीस्ट असं जेवत नाही. साखर, अमिनो आम्लं, युरॅसिल, जस्त, तांबं हे सगळं त्याच्या पेशीत येतं ते पटलात बसवलेल्या वाहक प्रथिनांतून, एकेक रेणू करून. आत ओढून घ्यायची असतात ती ही वाहक प्रथिनं आणि स्टे-२सारखी ग्राही प्रथिनं. पेशीचा पृष्ठभाग कसा असेल हे तिथे काय पाठवलं यावर ठरतं, तितकंच तिथून काय काढून घेतलं यावरही ठरतं. काढून घेण्याचं हे काम नवं प्रथिन बनवण्याइतकंच नेमकं आणि नियमांनी बांधलेलं असतं. पुढच्या सगळ्या प्रकरणांत मी हाच एक धागा धरून चालले आहे.

या धाग्याचं पहिलं टोक मला ब्रुसेल्समध्ये दिसतं. तिथे मार्सेल ग्रेन्सन या संशोधिकेनं यीस्टच्या अमिनो आम्ल-वाहकांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. १९७० साली तिच्या गटानं जवळजवळ सगळी अमिनो आम्लं आत घेणारा एक सर्वसाधारण वाहक दाखवून दिला. तोच गॅप-१. यीस्टला नायट्रोजनसाठी फक्त प्रोलिनसारखा निकृष्ट स्रोत दिला की गॅप-१ पृष्ठभागावर भरपूर असतो आणि मिळेल ते अमिनो आम्ल आत ओढतो. त्याच पेशींना अमोनियम दिलं की त्याचं काम झपाट्यानं मंदावतं. उत्तम स्रोत हाताशी आल्यावर हा सर्वभक्षी वाहक उघडा ठेवणं परवडत नाही. गॅप-१ सतत चालू राहील अशी पेशी बनवली तर अमिनो आम्लांचा पूर लोटून ती आजारी पडते. जस्ताच्या वाहकाचंही असंच आहे. बाहेर जस्त वाढलं की पेशी आपला झेडआरटी-१ आत घेते, कारण जास्तीचं जस्त विषारी ठरतं. अमोनियम दिल्यावरही गॅप-१ बंद होत नाही अशा उत्परिवर्तित पेशी ग्रेन्सननं शोधून काढल्या आणि त्यांतल्या एका बिघडलेल्या जनुकाला एनपीआय-१ असं नाव दिलं. ते जनुक नेमकं काय करतं हे कळायला १९९५ साल उजाडावं लागलं. त्याबद्दल पुढे येईलच. पण माझ्या मते या विषयाच्या इतिहासात या पोषणाच्या अभ्यासाला मिळायला हवा तेवढा मान मिळालेला नाही. सूक्ष्मदर्शकाखालच्या सुंदर चित्रांनी पुढे सगळं लक्ष वेधून घेतलं. खरा प्रश्न मात्र त्याआधीच, आम्लं मोजून, विचारला गेला होता: हा वाहक थांबला कसा, आणि कुणी थांबवला?

यीस्ट पटल आत ओढू शकतं की नाही याबद्दलच बराच काळ शंका होती, आणि त्या शंकेला आधारही होता. यीस्टच्या पेशीभोवती जाड, ताठ पेशीभित्तिका असते. आतला रस बाहेरच्या द्रावणापेक्षा घट्ट असल्यामुळे पाणी आत शिरू पाहतं आणि पटल भित्तिकेवर घट्ट दाबलं जातं. हा दाब किमान मोटारीच्या टायरमधल्या हवेइतका असतो, काही अंदाजांनुसार त्याच्या कितीतरी पट. इतक्या दाबाविरुद्ध पटलाला आत खळगा पाडायचा कसा? प्राण्यांच्या पेशींना ही अडचण नाही.

१९८५ साली हॉवर्ड रीझमन यांनी ल्युसिफर यलो हा पटलातून आरपार न जाणारा चमकणारा रंग यीस्टला दिला. तो रिक्तिकेत साठलेला दिसला. थंडीत किंवा पेशीची ऊर्जा तोडली की साठणं बंद पडत होतं, म्हणजे रंग नुसता झिरपत नव्हता. प्रथिनं बाहेर पाठवण्याच्या कामात अडखळणारे यीस्टचे जे ‘सेक’ उत्परिवर्ती रँडी शेकमन यांच्या प्रयोगशाळेत आधीच मिळाले होते, त्यांतले बरेचसे रंग आत घेण्यातही अडखळतात असं त्याच शोधनिबंधात दिसून आलं. मग रीझमन यांच्या गटानं फक्त आत घेण्यात बिघडलेले उत्परिवर्ती हुडकायला सुरुवात केली. त्यांना ‘एंड’ ही नावं मिळाली. एंड-३ आणि एंड-४ हे १९९३चे. त्याच वर्षी याच प्रयोगशाळेनं आणखी एक गोष्ट दाखवली: ॲक्टिन बिघडलं की स्टे-२ आत येणं थांबतं.

ॲक्टिन म्हणजे पेशीच्या आतल्या बारीक तंतूंचं प्रथिन. यीस्टच्या पेशीत त्याचे छोटे ठिपके पृष्ठभागाला लागून दिसतात, वाढत्या कळीच्या आत तर त्यांची दाटी असते. ते ठिपके कशासाठी, याचं उत्तर बर्कलीतल्या डेव्हिड ड्रबिन यांच्या प्रयोगशाळेतून आलं. मार्को काकसोनेन आणि सहकाऱ्यांनी २००३ आणि २००५ साली जिवंत पेशींमध्ये दोन-दोन प्रथिनांना वेगवेगळे चमकते रंग जोडले आणि चित्रफिती घेतल्या. त्यांतली एखादी फीत विद्यार्थ्यांनी पुन्हापुन्हा पाहावी असा माझा आग्रह असतो. पडद्यावर पेशीची कड दिसते. कडेवर स्ला-१ या प्रथिनाचा हिरवा ठिपका उगवतो आणि अर्ध्या मिनिटाच्या आसपास जागचा हलत नाही. मग त्याच जागी एबीपी-१चा लाल रंग चढू लागतो, म्हणजे तिथे ॲक्टिनची बांधणी सुरू झाली. तेवढ्यात हिरवा ठिपका कडेपासून आत सरकतो, जेमतेम २०० नॅनोमीटर, आणि विझतो. लाल ठिपका थोडा आणखी आत जाऊन मग विरतो. लाल रंग चढल्यापासून तो विरेपर्यंत सगळा मामला साधारण १५ सेकंदांचा. एका पेशीच्या कडेवर असे कितीतरी ठिपके एकाच वेळी वेगवेगळ्या टप्प्यांवर असतात, पण प्रत्येकाचा क्रम तोच. आधी पटलावर पिंजरा रचणारं क्लॅथ्रिन आणि त्याचे साथीदार, मग लास-१७सारखी ॲक्टिनला चालना देणारी प्रथिनं, मग ॲक्टिनचं जाळं, आणि शेवटी पटलाची नळी कापणारी प्रथिनं. साठेक प्रथिनं या कामात येतात आणि जातात. लॅट्रंक्युलिन या औषधानं ॲक्टिनची बांधणी रोखली की हिरवे ठिपके कडेवर येतात आणि तिथेच खिळून राहतात.

ॲक्टिनचं काम पटलाला दाबाविरुद्ध आत रेटण्याचं आहे, हे शेफिल्डच्या कॅथरिन एस्कॉ यांच्या गटानं २००९ साली साध्या युक्तीनं तपासलं. पेशींना सॉर्बिटॉलच्या द्रावणात ठेवलं की बाहेरचं द्रावणही घट्ट होतं आणि आतला दाब उतरतो. दाब उतरल्यावर, एरवी ज्यांच्यावाचून काम अडतं अशी ॲक्टिनशी जोडलेली काही प्रथिनं नसतानाही पेशी पटल आत घेऊ लागली. शंका घेणाऱ्यांचा हिशेब बरोबरच होता. अडथळा खरा होता आणि यीस्टनं त्याच्यावर ताकदीनं मात केली होती.

पाठ्यपुस्तकं क्लॅथ्रिनला फार मोठं स्थान देतात, ते मला पटत नाही. क्लॅथ्रिनचे पंचकोन-षटकोनांचे पिंजरे देखणे असतात, मुखपृष्ठावर शोभतात, आणि प्राण्यांच्या पेशींत त्यांचं महत्त्व निर्विवाद आहे. पण ग्रेगरी पेन आणि शेकमन यांनी १९८५ सालीच दाखवलं होतं की क्लॅथ्रिनचं जनुक काढून टाकलेलं यीस्ट हळू का होईना वाढतं, आणि पुढे असंही दिसलं की ते स्टे-२ आत घेतं, फक्त कमी प्रमाणात. २०१२ साली हायडेलबर्गच्या ईएमबीएलमध्ये वांडा कुकुल्स्की आणि सहकाऱ्यांनी चमकते ठिपके आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातली चित्रं एकाच पेशीत जुळवून पाहिली. क्लॅथ्रिन जमलेलं असतानाही पटल सपाटच होतं. ॲक्टिन आल्यावर ते वाकायला लागलं, आणि तुटण्याच्या वेळी नळी १४० नॅनोमीटरच्या आसपास खोल गेलेली होती.

नळी तोडण्याच्या बाबतीतही यीस्टची वाट थोडी निराळी आहे. आपल्या पेशींत हे काम प्रामुख्यानं डायनॅमिन करतं. ते बिघडलेली ‘शिबिरे’ ही फळमाशी उष्णता वाढली की लुळी पडते, कारण तिच्या चेतापेशींना पटल परत आत घेता येत नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत के. एस. कृष्णन यांनी या माशीवर काम केलं. पुण्याच्या आयसरमध्ये थॉमस पुकाडियिल यांचा गट कृत्रिम पटलांच्या नळ्या बनवून डायनॅमिन त्या कशा कापतं हे पाहतो. ज्यांना यीस्टमध्ये नळी तोडणाऱ्या आरव्हीएस प्रथिनांच्या जोडीची तुलना डायनॅमिनशी करायची असेल, त्यांना ती माहिती घराजवळच मिळेल.

आता निवडीकडे वळू. पटल आत ओढणारं यंत्र कितीही चांगलं असलं तरी त्यात कुणी बसायचं हे ठरल्याशिवाय त्याचा उपयोग नाही. स्टे-२ आत गेला, पण शेजारी हजारो दुसरी प्रथिनं आहेत, ती बाहेरच राहिली. खूण काय?

लिंडा हिक आणि रीझमन यांनी १९९६ साली याचं उत्तर दिलं आणि मला ते या सगळ्या कथेतलं सर्वांत धक्कादायक वाटतं. पृष्ठभागावरचं काही आतच येऊ शकत नाही अशा एंड-४ उत्परिवर्ती पेशींना त्यांनी अल्फा फेरोमोन, म्हणजे अल्फा पेशी सोडते ती छोटी साखळी, दिलं आणि स्टे-२ जेलवर चालवून पाहिला. नेहमीच्या पट्ट्याच्या वर आणखी जड पट्टे उमटले. म्हणजे स्टे-२ला काहीतरी चिकटलेलं होतं. ते होतं युबिक्विटिन, ७६ अमिनो आम्लांचं एक छोटं प्रथिन. तोवर युबिक्विटिनची ख्याती एकच होती: ज्या प्रथिनाला त्याची साखळी लागते ते प्रोटिएसोम या प्रथिनं तोडणाऱ्या यंत्रात जाऊन संपतं. त्याच शोधासाठी २००४ साली सिचॅनोव्हर, हर्श्को आणि रोझ यांना नोबेल मिळालं. इथे मात्र स्टे-२ प्रोटिएसोमकडे फिरकतही नव्हता, तो रिक्तिकेत संपत होता. युबिक्विटिनचा उपयोग ‘आत चला’ एवढं सांगण्यापुरता होता. ग्राहीच्या आतल्या शेपटीत नऊ अमिनो आम्लांचा एक छोटा पट्टा आहे. तिथल्या सेरिनांना आधी फॉस्फेट लागतो, मग मधल्या एका लायसिनला युबिक्विटिन. शेपटी तोकडी करून फक्त हा पट्टा ठेवला तरी ग्राही आत जातो. त्यातला तो एक लायसिन बदलला की जात नाही.

याआधी, १९९४ साली, राल्फ कोलिंग आणि कॉर्नेलिस होलेनबर्ग यांना स्टे-६ या वाहकावर असंच युबिक्विटिन दिसलं होतं. आणि १९९५ साली ब्रुसेल्समध्ये ब्रुनो आंद्रे यांच्या गटानं ग्रेन्सनच्या एनपीआय-१ जनुकाचा छडा लावला. ते आरएसपी-५ होतं, म्हणजे युबिक्विटिन चिकटवणारं विकर. गॅप-१ थांबवणाराही हाच आणि स्टे-२ला खूण लावणाराही हाच. पुढे गॅप-१वरच्या खुणेच्या जागाही सापडल्या, नवव्या आणि सोळाव्या क्रमांकाचे लायसिन. पोषणाचा प्रश्न आणि मीलनाचा प्रश्न अशा रीतीनं एकाच विकरापाशी येऊन मिळाले.

पण एकटं आरएसपी-५ शेकडो प्रथिनांतून नेमकं कुठलं ते कसं ओळखणार? बहुतेक वाहकांवर त्याला धरायला जागाच नसते. याचं उत्तर २००८ साली कॉर्नेलच्या स्कॉट एम्र यांच्या गटाकडून आलं आणि त्यासाठी वापरलं होतं एक विष. कॅनाव्हानिन हे आर्जिनिनची नक्कल करणारं अमिनो आम्ल. ते शेंगावर्गीय वनस्पतींत सापडतं. आपल्याकडच्या अबईच्या कुळातल्या शेंगा त्यासाठीच प्रसिद्ध आहेत. यीस्ट ते कॅन-१ या आर्जिनिन-वाहकातून आत घेतं, प्रथिनांत चुकून वापरतं आणि मरतं. त्यामुळे जी पेशी कॅन-१ वेळेवर आत ओढून घेते ती जगते. जिला ते जमत नाही तिच्या पटलावर वाहक राहून जातो आणि ती थोड्याशा विषानंही मरते. बशीवर साध्या यीस्टचे दुधट पुंजके वाढलेले दिसतात आणि शेजारी उत्परिवर्ती पेशींचा थेंब जिथे टाकला होता तिथे आगार स्वच्छ राहतो. या पडताळणीतून आर्ट-१ मिळालं. ते एका हातानं आरएसपी-५ला धरतं आणि दुसऱ्यानं कॅन-१ला. अशी मध्यस्थ प्रथिनं यीस्टमध्ये डझनभर तरी आहेत आणि प्रत्येकाच्या वाट्याला वेगवेगळे वाहक येतात, काही वाहक एकाहून अधिक मध्यस्थांच्या हाती. या मध्यस्थांवरही नियंत्रण असतं. पोषण कमी असलं की एनपीआर-१ हे विकर त्यांना फॉस्फेट लावून रोखून धरतं, म्हणून उपाशी पेशीचा गॅप-१ बाहेर टिकतो. पोषण वाढलं की टॉर हे पोषणाची चाचपणी करणारं विकर एनपीआर-१ला गप्प करतं आणि मध्यस्थ मोकळे होतात. काय काढून घ्यायचं हे पेशीच्या भुकेवर ठरतं ते असं.

आत आल्यावर खुणेचं काम संपत नाही. नळी तुटून सुटलेली पुटिका वाटेतल्या एंडोसोम या थांब्याला मिळते, तिथे एस्कॉर्ट नावाची प्रथिनांची संकुलं खूण लावलेलं प्रथिन धरतात आणि पटल पुन्हा आतल्या बाजूला वाकवून छोट्या पुटिकांत कोंडतात. त्याआधी युबिक्विटिन काढून पुन्हा वापरायला ठेवलं जातं. मग सगळं रिक्तिकेत जातं. एस्कॉर्ट बिघडलेल्या पेशीत स्टे-२ला चमकता रंग जोडून पाहिलं तर रिक्तिकेचा पोकळ भाग उजळत नाही. उजळतं तिचं कडं, आणि शेजारी एक ठळक ठिपका. प्रथिन दारापर्यंत आलेलं असतं, आत टाकलं गेलेलं नसतं. एम्र यांच्या प्रयोगशाळेनं २००१च्या सुमारास हे सगळे भाग सुटे करून दाखवले. या पुस्तकात त्यांना एक पूर्ण प्रकरण दिलं आहे, म्हणून इथे एवढंच.

याचा माणसाच्या आजाराशी संबंध काय, हा प्रश्न वाचक विचारणारच. एक उदाहरण पुरेसं आहे. लिडल यांनी १९६३ साली एका कुटुंबातला तरुणपणीच दिसणारा तीव्र उच्च रक्तदाब नोंदवला. मूत्रपिंडातल्या पेशींवर सोडियम आत घेणारी एक वाहिनी असते. तिच्या आतल्या शेपटीतल्या एका छोट्या तुकड्याला आरएसपी-५चा मानवी नातलग, नेड-४ या कुळातला, धरतो आणि युबिक्विटिन लावतो. लिडल विकारात नेमका तोच तुकडा गेलेला किंवा बदललेला असतो. वाहिनी ठीक बनते, ठीक काम करते, पण वेळेवर काढून घेतली जात नाही. शरीर मीठ धरून ठेवतं आणि रक्तदाब चढतो. नेड-४चा हा संबंध १९९६ साली उघड झाला, हिक आणि रीझमन यांचा निबंध आला त्याच वर्षी. यीस्टवर काम करणाऱ्यांना त्याचं नवल वाटलं नसावं.

शेवटच्या दोन प्रकरणांत आज चाललेलं काम आहे. ठिपक्याचा उत्तरार्ध, म्हणजे ॲक्टिन आल्यानंतरचा भाग, घड्याळासारखा नियमित असतो. पूर्वार्ध तसा नाही. ईडीई-१सारखी पहिली प्रथिनं जमल्यावर पुढे जायला कधी अर्ध्या मिनिटाहून कमी वेळ लागतो, कधी कितीतरी मिनिटं. न्यायचं प्रथिन तिथे मुबलक असेल तर वेळ कमी होतो, म्हणून पूर्वार्धात कुठेतरी तपासणी होत असावी असं ड्रबिन यांच्या गटाचं म्हणणं आहे. २०१४ साली काकसोनेन यांच्या गटानं सुरुवातीला येणारी सात प्रथिनं एकाच पेशीतून काढून टाकली. सगळं थांबेल असं वाटणं साहजिक होतं, पण थांबलं नाही. क्लॅथ्रिन जमलं, ॲक्टिन आलं, नळी पडली, पुटिका सुटून आत गेली. बिघडलं ते दुसरंच: जागा आणि वेळ यांचं नियमन ढासळलं आणि आत न्यायची प्रथिनं त्या पुटिकेत नीट गोळा होईनाशी झाली. ही सात प्रथिनं निवड नेमकी कशी करतात आणि त्यांतलं कोणतं कुणाला ओळखतं, याचा सध्याचा हिशेब सोळाव्या प्रकरणात मांडला आहे. ज्यांना प्रयोगशाळेत या विषयावर काम करायचं आहे त्यांनी ते प्रकरण आधी वाचलं तरी चालेल. कॅनाव्हानिनची बशी आणि स्टे-२ची जेल या दोन्ही पद्धती परिशिष्टात पायरीपायरीनं दिल्या आहेत, आणि त्या करायला महागडा सूक्ष्मदर्शक लागत नाही.